दुसऱ्या पसंतीचे काय होते?

८ जून २०२२ रोजी औरंगाबादेत मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांची सभा झाली. दोनच दिवसांनी मुंबईत राज्यसभेच्या सहा जागांसाठी आमदारांनी मतदान केले, आणि ११ जूनच्या पहाटे निकाल लागला तेव्हा शिवसेनेचे दुसरे उमेदवार संजय पवार पडलेले होते. पहिल्या पसंतीची मते पवारांना ३३, भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. निवडून आले महाडिक. गुलमंडी हा सेनेचा औरंगाबादेतला जुना बालेकिल्ला. सुपारी हनुमानापासून मछली खडकापर्यंत जिथे दोन माणसे उभी राहिली की राजकारणच निघते, तिथे या निकालावर पहिला प्रश्न जो पडायचा तोच पडला: ३३ वाला पडतो कसा आणि २७ वाला येतो कसा?

पुढची पुस्तिका त्या प्रश्नासाठी आहे. राज्यसभा आणि विधान परिषद या दोन्ही वरिष्ठ सभागृहांत माणसे ज्या पद्धतीने निवडली जातात तिला राज्यघटनेच्या मराठी पाठात ‘एकल संक्रमणीय मताद्वारे प्रमाणशीर प्रतिनिधित्व’ असे लांबलचक नाव आहे. नाव ऐकून माणूस पुढे वाचायचा थांबतो, आणि मग सगळ्याचे उत्तर ‘घोडेबाजार’ या शब्दात देऊन मोकळा होतो. त्या निवडणुकीत काही अपक्ष आणि छोट्या पक्षांचे आमदार कुंपणावरून उतरले हे खरेच. पण ती मते नेमकी कुठे ठेवायची याचे गणित भाजपकडे नसते, तर तेवढ्याच मतांत महाडिक पडले असते.

ते गणित असे. त्या दिवशी २८५ आमदारांनी मतदान केले, सेनेचे सुहास कांदे यांचे मत बाद झाले, उरली २८४. जागा सहा असल्या की एकूण मतांना सातने भागायचे आणि एक मिळवायचा (इथे हा एक म्हणजे मताचा शंभरावा हिस्सा, का ते पुढे). येतो तो कोटा. सातने का, हे एकदा नीट समजून घेतले की बाकी सगळे सोपे होते. एकूण मतांच्या सातव्या हिश्शाहून जास्त मते एकाच वेळी सात जणांना मिळणे शक्यच नाही, फार तर सहा जणांना मिळतील. म्हणून सातव्या हिश्शाच्या जरा वर जो गेला तो पहिल्या सहांत आलाच, पुढे मोजणीत काहीही होवो. एकच जागा असेल तर भागायचे दोनने, म्हणजे आपले नेहमीचे निम्म्याहून एक जास्त. जागा दहा असतील तर अकराने. २०२२ च्या राज्यसभेला कोटा चाळीस मतांच्या थोडा वर निघाला. आमदार काही अर्धा मोजता येत नाही, म्हणून व्यवहारात ४१.

भाजपने पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना पहिल्या पसंतीची ४८-४८ मते दिली. ४१ पुरत असताना ही उधळपट्टी कशाला, असे वाटते. पण या पद्धतीत कोट्यावरचे मत वाया जात नाही. १९६१ च्या निवडणूक नियमांत अशा मोजणीसाठी प्रत्येक मतपत्रिकेची किंमत १०० धरली आहे, जणू रुपयाचे शंभर पैसे. गोयल यांना निवडून यायला प्रत्येक मतपत्रिकेतले सुमारे ८५ पैसे लागले. उरलेले १५ पैसे त्या मतपत्रिकेवर ज्याच्या नावापुढे २ लिहिले होते त्याच्या खात्यावर गेले. ४८ मतपत्रिकांचे पंधरा-पंधरा पैसे म्हणजे सात मतांच्या वर थोडे. बोंडे यांच्याकडूनही तेवढेच आले. २७ मध्ये हे चौदा मिळवा. तेव्हाच्या सत्ताधारी महाविकास आघाडीच्या बाजूला इम्रान प्रतापगढी यांना ४४, प्रफुल्ल पटेल यांना ४३ आणि संजय राऊत यांना ४१ मते होती. तिघांचा मिळून वाढावा, म्हणजे कोट्यावरची मते, सहाच्या आसपास भरतो. तो सगळाच्या सगळा पवारांना दिला तरी त्यांचे चाळीसही होत नाहीत.

म्हणजे ३३ विरुद्ध २७ ही तुलनाच मुळात अर्धवट होती. ती पहिल्या पसंतीची होती, आणि ही पद्धत पहिल्या पसंतीवर थांबत नाही. वर्तमानपत्रे आणि वाहिन्या मात्र तिथेच थांबतात, कारण तो आकडा आधी हाती येतो.

दहाच दिवसांनी, २० जूनला, विधान परिषदेच्या दहा जागांसाठी त्याच आमदारांनी पुन्हा मतदान केले. या वेळी फरक एवढाच की मतदान गुप्त होते. राज्यसभेला २००३ च्या कायदादुरुस्तीपासून आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. दाखवायची फक्त आपल्याच पक्षाच्या माणसाला. दुसऱ्याच्या नजरेस पडली तर मत बाद. १० जूनची मोजणी पहाटेपर्यंत रखडली ती अशाच तक्रारींमुळे. विधान परिषदेला अशी दाखवादाखवी नाही. एकच विधिमंडळ, तेच आमदार, तीच पसंतीची पद्धत, आणि एकीकडे उघड मत तर दुसरीकडे गुप्त. यामागचे तर्कशास्त्र मला आजवर कुणी पटेल असे सांगितलेले नाही.

गुप्त मतदानात काय झाले? दोन मते बाद होऊन २८३ उरली. अकराने भागले की कोटा २६ च्या आत-बाहेर. काँग्रेसने चंद्रकांत हंडोरे यांना पहिल्या क्रमांकाचे उमेदवार म्हणून उभे केले होते. त्यांना पहिल्या पसंतीची २२ मते मिळाली. भाजपचे पाचवे उमेदवार प्रसाद लाड यांना १७. लाड आले, हंडोरे पडले, आणि काँग्रेसचे दुसऱ्या क्रमांकाचे भाई जगताप, ज्यांना हंडोरे यांच्याहून कमी पहिली पसंती होती, तेही आले. लाड यांच्यामागे भाजपच्या चार विजयी उमेदवारांचा वाढावा उभा होता. जगतापांना मित्रपक्षांच्या दुसऱ्या पसंतीने हात दिला. हंडोरे यांच्याकडे मते होती, पण मागून येणारे पैसे नव्हते. (२०२४ मध्ये तेच हंडोरे राज्यसभेवर बिनविरोध गेले, तेव्हा मोजणीच झाली नाही.)

त्याच रात्री एकनाथ शिंदे काही आमदारांना घेऊन सुरतेकडे निघाले. पुढच्या काही दिवसांत जिल्ह्यातल्या सेनेच्या सहांपैकी पाच आमदार त्यांच्याकडे गेले, आणि गुलमंडी ज्या औरंगाबाद मध्य मतदारसंघात येते तिथले प्रदीप जैस्वालही त्यांत होते. ठाकरे यांचे सरकार पुढे पडले त्याचे कारण मोजणी नव्हे. पण पक्षाची शिस्त कुठे किती सैल झाली आहे हे मोजणीने दहा दिवसांत दोनदा दाखवले. ज्या पद्धतीत मताचा शंभरावा हिस्साही मोजला जातो, तिथे अशा गोष्टी झाकून राहत नाहीत. दोन वर्षांनी हेच गणित पुन्हा आले: १२ जुलै २०२४ रोजी परिषदेच्या अकरा जागांसाठी बारा उमेदवार होते, मतदार २७४, भागाकार बाराने, कोटा २३. शेकापचे जयंत पाटील यांना पहिल्या पसंतीची १२ मते पडली आणि ते हरले. मराठवाड्यातल्या पंकजा मुंडे, प्रज्ञा सातव आणि राजेश विटेकर त्या दिवशी निवडून आले. पाटलांच्या पाठीशी मोठ्या पक्षाचा वाढावा असता तर बारावरूनही त्यांना तेवीस गाठता आले असते; तो कुणी दिला नाही.

इथवर सगळा आमदारांचा खेळ झाला. गुलमंडीतल्या माणसाचा वरिष्ठ सभागृहाशी संबंध याच्या पलीकडेही आहे. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता तोवर इथे विधान परिषद नावाची गोष्टच नव्हती. त्या राज्याला एकच सभागृह होते. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि परिषद आपल्याला मिळाली. आज तिच्या ७८ जागा आहेत. त्यांतल्या ३० आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ राज्यपाल नेमतात. गुलमंडीत राहणारा मतदार आपल्या आमदारामार्फत पहिल्या ३० मध्ये आहे, नगरसेवकामार्फत २२ मध्ये. पदवी घेतलेली असेल तर पदवीधरांत स्वतः, आणि माध्यमिक शाळेत किंवा त्यावर शिकवत असेल तर शिक्षकांतही. कापड दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या, बारावीनंतर धंद्यात शिरलेल्या मालकाला या सभागृहासाठी थेट मत नाही. बी.कॉम. झालेल्या त्याच्या मुलीला आहे, आणि ती शाळेत शिकवत असेल तर दोन आहेत. लोकशाहीत हे खटकायला हवे. मला खटकते.

नगरसेवकांच्या वाटेचे हाल वेगळे. औरंगाबाद-जालना स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघात २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिवसेनेचे अंबादास दानवे ५२४ मते मिळवून आले, काँग्रेसच्या उमेदवाराला १०६, तिसऱ्याला ३, आणि १४ मते बाद. पसंतीक्रमाची गरजच पडली नाही. पुढच्या एप्रिलमध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या, प्रशासकाचा कारभार पाच वर्षांवर चालला. ऑगस्ट २०२५ मध्ये दानवे यांची मुदत संपली तेव्हा त्यांच्या जागी कुणाला निवडून द्यायला मतदारच जवळजवळ उरले नव्हते. पद्धत कितीही चांगली असो, मतदारयादी कोरी असेल तर ती काय करणार?

ही पद्धत आली कुठून याचे एक प्रकरण पुस्तिकेत आहे, म्हणून इथे थोडक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर डेन्मार्कचे कार्ल आंद्रे आणि इंग्लंडचे थॉमस हेअर यांनी एकमेकांना न कळत ती मांडली, जॉन स्टुअर्ट मिल तिच्या प्रेमात पडले, कोट्यात एक मिळवण्याची युक्ती हेन्री ड्रूप यांची. टास्मानियाने आणि आयर्लंडने ती सामान्य मतदाराच्या हाती दिली, ऑस्ट्रेलियाने १९४९ पासून सिनेटसाठी वापरली. आपल्याकडे तिची सर्वांत मोठी परीक्षा १९४६ मध्ये झाली, आणि ती मराठी वाचकाने माहीत करून घ्यावी अशी आहे. संविधान सभेचे सदस्य प्रांतिक विधानसभांनी याच पद्धतीने निवडले. मुंबई प्रांतातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वाट मिळेना, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल यांच्या पाठिंब्याने ते बंगालमधून निवडून आले. सभागृहात इतरांचे बहुमत असले तरी अल्पसंख्य गट आपला कोटा भरू शकतो, हे त्या पद्धतीमुळेच शक्य झाले. फाळणीमुळे ती जागा गेली आणि ते मुंबईतून परत आले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून ते लोकसभेला पडले. त्याच वर्षी मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले, तेही एकल संक्रमणीय मतानेच.

आणि तरीही लोकसभेसाठी ही पद्धत नको, असे संविधान सभेत सांगणारे बाबासाहेबच होते. जानेवारी १९४९ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांचे उत्तर दोन मुद्द्यांचे होते: एक, मतदाराला निदान आकडे ओळखता आणि लिहिता यायला हवेत, आणि तेव्हाच्या भारतात ते शक्य नव्हते, दुसरा, सभागृहाचे इतके तुकडे होतील की स्थिर सरकार चालणार नाही. ज्याला स्वतःला या पद्धतीने आत घेतले त्याने ती सर्वांसाठी नाकारली, यात विसंगती शोधणाऱ्यांना मी एवढेच सुचवीन की त्यांनी दुसरा मुद्दा पुन्हा वाचावा. सरकार लोकसभेत बनते, राज्यसभेत नाही.

पहिला मुद्दा मात्र आज उलटा फिरून आपल्यावर आला आहे. पदवीधर मतदारसंघात सगळेच मतदार पदवीधर. आठ जिल्ह्यांचा मराठवाडा पदवीधर मतदारसंघ, एक जागा. १ डिसेंबर २०२० च्या मतदानात राष्ट्रवादीचे सतीश चव्हाण यांनी भाजपचे शिरीष बोराळकर यांना हरवून तिसऱ्यांदा जागा राखली, पहिल्याच पसंतीत, ५७ हजारांहून अधिक मतांनी. त्या मोजणीत हजारोंनी मते बाद झाली. आकडा वाचणे आणि लिहिणे ज्यांना नक्की येते अशांची! कुणी बरोबरची खूण केली, कुणी दोघांपुढे १ लिहिला, कुणी अक्षरात ‘एक’ लिहिले, कुणी सही ठोकली, कुणी खिशातल्या पेनाने लिहिले. नियम फार कठीण नाहीत. मतदान केंद्रात दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच लिहायचे. आकडा इंग्रजी वळणाचा चालतो, रोमन चालतो, मराठी चालतो, सिटी चौकातल्या मतदाराने उर्दू आकडा लिहिला तरी चालतो. १ एकदाच, एकाच नावापुढे. २ आणि पुढचे लिहायचे की नाही ते तुमच्या मर्जीवर. ३ चुकला तर तो आणि त्यापुढची पसंती जाते, आधीची राहते.

या ‘मर्जी’पाशी खरी अडचण आहे. प्रचाराला येणारा प्रत्येक कार्यकर्ता सांगतो, ‘आपल्या उमेदवारापुढे फक्त एक लिहा, बाकी मोकळे सोडा.’ पत्रकांवर मोठ्या अक्षरात तेच असते. मतदाराला वाटते की २ लिहिला तर आपल्याच माणसाचे मत कमी होईल. तसे होत नाही. तुमचा १ ज्याच्यापुढे आहे तो शर्यतीत असेपर्यंत तुमचा २ कुणी पाहतसुद्धा नाही. एका जागेच्या निवडणुकीत तो बाद झाला, म्हणजे सर्वांत कमी मते असल्यामुळे यादीतून निघाला, तरच तुमची मतपत्रिका पूर्ण किमतीने दुसऱ्याकडे जाते. २ लिहिला नसेल तर ती कोपऱ्यात पडते आणि पुढच्या फेऱ्यांत तुम्ही मतदान न केल्यासारखेच. कार्यकर्त्याचा हिशेब सरळ आहे: त्याचा उमेदवार पडला तर तुमचे मत कुणाकडे गेले यात त्याला रस नाही. तुम्हाला असायला हवा.

फेब्रुवारी २०२३ मधली मराठवाडा शिक्षक मतदारसंघाची मोजणी या दृष्टीने बघण्यासारखी होती. २००६ पासून ही जागा राखून असलेले विक्रम काळे यांच्यासमोर भाजपचे किरण पाटील आणि मराठवाडा शिक्षक संघाचे सूर्यकांत विश्वासराव होते. पहिल्या पसंतीत कुणाचाच कोटा भरला नाही. मग तळाचा एक-एक उमेदवार बाद करत, त्याच्या मतपत्रिका पुन्हा उलगडत फेऱ्या चालल्या, आणि शेवटी काळे निवडून आले. बाद उमेदवारांच्या मतदारांनी जिथे २ आणि ३ लिहिले तिथे ते दोन वेळा, तीन वेळा मोजले गेले. जिथे नाही, तिथे ढिगाऱ्यात गेले. अशा मोजणीत कोरी दुसरी पसंती इतकी साचते की शेवटी एकटा उरलेला उमेदवार कोटा न गाठताही विजयी घोषित करावा लागतो. नियमांत तशी तरतूद आहे.

माझा या पद्धतीवरचा मुख्य आक्षेप मात्र मतदारावर नाही, रचनेवर आहे. प्रमाण तेव्हाच राखता येते जेव्हा एकाच वेळी अनेक जागा असतात. आमदारांच्या अकरा जागांत बाराव्या हिश्शाच्या गटालाही एक माणूस मिळतो. त्याला प्रमाणशीर म्हणता येते. पदवीधरांच्या एका जागेत प्रमाण कशाचे राखणार? तिथे कोटा निम्म्याच्या वर, म्हणजे बहुमतच. पसंतीक्रमाने ते बहुमत अधिक प्रामाणिक होते, कारण मते फुटून चाळीस टक्केवाला निवडून येण्याची शक्यता कमी होते. पण मराठवाड्यातल्या तीस टक्के पदवीधरांना जो प्रतिनिधी हवा, तो त्यांना या पद्धतीने कधीच मिळणार नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ ने दोन्हींसाठी एकच शब्दप्रयोग वापरला, आणि एकच जागा असलेल्या मतदारसंघांत त्यातला अर्धा भाग लागूच होत नाही. राज्यातल्या सात पदवीधर जागांची निवडणूक एकत्र घेतली, तर कोटा आठव्या हिश्शाचा होईल आणि एखादा शिक्षणाचा प्रश्न घेऊन उभा राहिलेला, कुठल्याच जिल्ह्यात पहिला नसलेला माणूस आत येऊ शकेल. मुदती वेगवेगळ्या वेळी संपतात, मतदारसंघ विभागवार आखलेले आहेत, म्हणून हे अवघड आहे हे मला कळते. अशक्य आहे असे मला वाटत नाही.

पुस्तिकेच्या लेखकांनी २०२२ ची राज्यसभा, त्याच महिन्यातली विधान परिषद आणि २०२३ चा शिक्षक मतदारसंघ या तीन मोजण्या उदाहरणादाखल घेतल्या आहेत. तिन्हींची रीत कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करून पाहावी, नुसती वाचू नये. शेवटच्या प्रकरणात नावनोंदणीची माहिती आहे. ती वगळू नये, कारण पदवीधर आणि शिक्षक यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने तयार होते. मागच्या वेळी मत दिले म्हणून नाव आपोआप राहत नाही. पात्रतेची तारीख त्या वर्षीची १ नोव्हेंबर, पदवी मिळून तीन वर्षे झालेली असावीत, पदवीधरांसाठी नमुना १८ आणि शिक्षकांसाठी नमुना १९.